पाणी गाळणारे नॅनोतंतू: या चादरीकडून नक्की काय मागायचं?

तंतुमय (धागाकर्ती)

सुईच्या टोकाशी पॉलिमरच्या द्रावणाचा थेंब लोंबत असतो. सुईला पंधरा-वीस हजार व्होल्ट जोडलेले, समोर पंधरा सेंटीमीटरवर धातूचा पत्रा. विद्युतदाब वाढवत नेला की गोल थेंब निमुळता होत जातो, त्याचा शंकू होतो आणि एका क्षणी त्याच्या टोकातून बारीक धार सुटते. थोडं अंतर ती सरळ जाते, मग चाबकासारखी वळवळायला लागते. वेग इतका की डोळ्यांना धार दिसतच नाही, नुसता धूसर शंकू दिसतो. या वळवळीत ती ताणली जाते, द्रावक हवेत उडून जातो आणि पत्र्यावर कोरडे तंतू येऊन पडतात. तासाभराने पत्र्यावर पांढरी, मऊ, कागदाहून हलकी चादर तयार झालेली असते.

हे इलेक्ट्रोस्पिनिंग. गेली साडेतीन वर्षं मी हेच करतेय आणि त्या चादरीतून घाण पाणी गाळून बघतेय. माझे तंतू साधारण २०० ते ४०० नॅनोमीटर जाडीचे असतात. किती बारीक, ते असं बघा: १ ग्रॅम पॉलिमरचे १०० नॅनोमीटर जाडीचे तंतू काढून एकापुढे एक जोडले तर लांबी १ लाख किलोमीटरच्या वर जाते. विषुववृत्ताला अडीच फेरे.

चर्चेचा हा धागा काढण्याचं कारण असं की अलीकडे या विषयावर जे वाचायला मिळतं त्यात ही चादर जंतू, शिसं, आर्सेनिक, रंग, तेल, मीठ असं सगळं एका दमात काढते, असं सांगितलेलं असतं. मला या कामाबद्दल मनापासून जिव्हाळा आहे, म्हणूनच ते वाचून त्रास होतो. 'पाण्यात काय आहे' हा प्रश्न आधी विचारल्याशिवाय 'कुठली चादर' या प्रश्नाला उत्तरच नाही. इथे पाण्याच्या क्षेत्रातले, रसायनशास्त्रातले बरेच जण आहेत. मोकळेपणाने लिहा, माझं चुकत असेल तर दुरुस्त करा.

साधा_वाचक

छान लिहिलंय, थेंबाचा शंकू डोळ्यांसमोर आला. माझा अगदी प्राथमिक प्रश्न: तंतू २०० नॅनोमीटरचे आहेत, म्हणजे २०० नॅनोमीटरपेक्षा मोठं सगळं अडणार ना? आणि मग आरओची गरज संपेल का?

तंतुमय

प्राथमिक नाही, सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. तंतूची जाडी आणि चादरीतली भोकं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तंतू वाटेल तसे एकमेकांवर पडलेले असतात, त्यांच्या मधल्या फटा म्हणजे रंध्रं. ढोबळ अंदाज असा की सरासरी रंध्र तंतूच्या जाडीच्या तिप्पट असतं. म्हणजे २०० नॅनोमीटरच्या तंतूंची रंध्रं ६०० नॅनोमीटरच्या आसपास. एकावर एक थर असल्यामुळे पाण्याची वाट वेडीवाकडी होते, त्यामुळे त्याहून थोडे लहान कणही अडकतात.

आता मापं लावून बघा. ई. कोलाय जिवाणू साधारण एक मायक्रॉन (म्हणजे १००० नॅनोमीटर) जाडीचा आणि दोन मायक्रॉन लांब, म्हणजे तो अडतो. माती, शेवाळ, गढूळपणा अडतो. रोटाव्हायरस ७०-८० नॅनोमीटरचा, पोलिओचा विषाणू ३० नॅनोमीटरचा. हे नुसत्या चाळणीने अडत नाहीत. आणि सोडियमचा आयन पाण्याचं कवच धरून जेमतेम पाऊण नॅनोमीटर. विरघळलेलं मीठ या चादरीतून जणू ती तिथे नाहीच अशा थाटात पलीकडे जातं.

त्यामुळे आरओची जागा ही चादर घेत नाही. पण आरओच्या पोटात मात्र ती शिरू शकते. अमेरिकेतल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात बेंजामिन चू आणि बेंजामिन शियाओ यांच्या गटाने २००६ च्या सुमारास नॅनोतंतूंच्या थरावर अगदी पातळ, घट्ट थर चढवून गाळणी केली. खालचा आधार जितका पोकळ, तितकी पाण्याची वाट मोकळी. हा विचार पुढे फॉरवर्ड ऑस्मोसिसमध्येही (दाबाऐवजी पलीकडच्या जास्त खारट द्रावणाच्या ओढीने पाणी गाळण्याच्या पद्धतीत) गेला आणि माझ्या मते तिथे नॅनोतंतूंचं काम खरोखर जमून आलेलं आहे, कारण तिथे आधाराच्या थरातला अडथळा हीच मुख्य अडचण असते.

जुना_पंपवाला

मी आयुष्यभर जलशुद्धीकरणाच्या यंत्रणा चालवल्या. ताई, तुमची चादर पहिल्या तासाला कसं पाणी देते यात मला फार रस नाही. दोनशेव्या तासाला किती देते ते सांगा.

गाळणी कुठलीही असो, ती बंद पडते ती तुंबल्यामुळे. आधी कण रंध्रांत अडकतात, मग वर गाळाचा थर बसतो, मग त्या थरावर जिवाणू घर करतात आणि चिकट जैवथर होतो. पानं कुजून पाण्यात उतरणारे ह्युमिक पदार्थ तर डोळ्यांना दिसतही नाहीत आणि सगळ्यांत चिवट तेच. आम्ही काय करायचो, तर उलट्या दिशेने पाणी मारून गाळणी धुवायचो. तुमची चादर कागदाहून हलकी आहे म्हणता. ती उलटा मारा सोसेल का?

तंतुमय

काका, नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. नुसती चादर सोसत नाही. आमच्या पहिल्या वर्षातल्या चादरी उलट्या धुण्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच आधाराच्या कापडापासून सुटून फुगायच्या आणि मग फाटायच्या. तंतू एकमेकांवर नुसते टेकलेले असतात, जोडलेले नसतात, हे त्याचं मूळ.

त्यावर उपाय आहेत. पॉलिमर वितळण्याच्या थोडं आधीपर्यंत तापवून दाबलं की तंतू जिथे एकमेकांना छेदतात तिथे चिकटतात. द्रावकाची वाफ देऊनही असंच सांधता येतं. याची किंमत म्हणजे रंध्रं थोडी मिटतात. चादरीचं खरं बळ तिच्या पोकळपणात असतं. तिच्या आकारमानाचा ८० ते ९० टक्के भाग मोकळा असतो, म्हणून तर ती कमी दाबात पाणी देते. एक मीटर उंचीच्या पाण्याचा दाब जेमतेम ०.१ बार, तेवढ्यावरही ती चालते. समुद्राच्या पाण्याच्या आरओला ५५ ते ८० बार लागतात, त्याच्याशी तुलना करा (कामं वेगळी आहेत, हे मान्य). पण चादर दाबून घट्ट केली की हा मोकळेपणा कमी होतो, आणि जास्त दाबाखाली चालवली तरी ती आपोआप चेपत जाते.

दोनशेव्या तासाचं म्हणाल तर खऱ्या तळ्याच्या पाण्यावर आमचा प्रवाह पहिल्या दिवसातच निम्म्याच्या खाली आला. नळाचं पाणी वापरलं तेव्हा इतका उतरला नव्हता. म्हणून आता कुठलाही प्रयोग नळाच्या पाण्यावर संपवायचा नाही, असं मी ठरवलंय.

जुना_पंपवाला

हे सरळ सांगितलंत, बरं वाटलं. मग तिच्या आधी वाळूची गाळणी ठेवा. जाड गाळ अडवण्याचं काम इतक्या नाजूक चादरीला देऊ नये.

रेणुका_रसायन

मी अधिशोषणावर, म्हणजे पाण्यातले पदार्थ घन पृष्ठभागावर चिकटवून घेण्यावर, काम करते. धागाकर्तीने अजून हे लिहिलं नाही, पण पुढे कुणीतरी लिहीलच, म्हणून आधीच सांगते. 'नॅनोतंतूंचं पृष्ठफळ प्रचंड असतं, म्हणून ते विषारी धातू शोषतात' हे वाक्य अर्धवट आहे.

गणित सोपं आहे. तंतू म्हणजे लांबलचक नळकांडं, त्याचं दर ग्रॅम पृष्ठफळ म्हणजे चार भागिले घनता गुणिले व्यास. १०० नॅनोमीटर जाडी आणि १.२ घनता धरली तर उत्तर येतं ग्रॅमला सुमारे ३३ चौरस मीटर. १० मायक्रॉनच्या साध्या तंतूचं ०.३३, म्हणजे शंभर पट वाढ झाली, हे खरंच. पण साध्या सक्रिय कोळशाचं पृष्ठफळ ग्रॅमला ५०० ते १५०० चौरस मीटर असतं! केवळ पृष्ठफळाची शर्यत असेल तर तंतू कोळशाच्या जवळपासही नाहीत.

मग तंतू कशासाठी? कोळशाचं बहुतेक पृष्ठफळ २ नॅनोमीटरहून बारीक भोकांच्या आत दडलेलं असतं, रेणूला तिथवर सरपटत जावं लागतं. तंतूचं पृष्ठफळ सगळं उघड्यावर. आयन आला की लगेच चिकटतो, तासांचं काम मिनिटांत होतं. शिवाय बारीक भुकटी पाण्यात टाकली तर ती परत गाळून काढायची वेगळी डोकेदुखी, चादर मात्र हाताने उचलता येते. आणि तंतूवर आपल्याला हवा तो रासायनिक गट बसवता येतो. पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइलच्या तंतूंवर हायड्रॉक्सिलअमाइनची प्रक्रिया केली की अ‍ॅमिडॉक्झिम गट तयार होतात, ते तांबं, शिसं, युरेनियम घट्ट धरतात. कायटोसानमध्ये (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या पॉलिमरमध्ये) अमाइन गट मुळातच असतात. पण ते आम्लात विरघळतं, म्हणून आधी त्याच्या साखळ्या एकमेकींना बांधाव्या लागतात, नाहीतर धातू काढताना गाळणीच पाण्यात जाईल.

तंतुमय

रेणुकाताई, कोळशाशी तुलना करून दाखवलीत ते फार चांगलं केलंत. माझ्या एका जुन्या सादरीकरणात मी 'प्रचंड पृष्ठफळ' असंच लिहिलं होतं. ते बदलते.

रेणुका_रसायन

आणखी एक, ते याहून महत्त्वाचं. पिण्याच्या पाण्यात शिशाची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, आर्सेनिकचीही तेवढीच. प्रयोगशाळेत मात्र चाचण्या होतात लिटरला ५०, १००, कधी ५०० मिलिग्रॅमवर. म्हणजे हजारो पट जास्त. मग निष्कर्ष छापून येतो: एक ग्रॅम चादर १०० मिलिग्रॅम शिसं धरते.

आता हिशोब करू. आकडे मी समजुतीसाठी घेतेय. समजा पाण्यात लिटरला ५० मायक्रोग्रॅम शिसं आहे आणि ते १० वर आणायचंय, म्हणजे लिटरमागे ०.०४ मिलिग्रॅम काढायचं. १०० भागिले ०.०४, म्हणजे एका ग्रॅमने २५०० लिटर पाणी शुद्ध व्हायला हवं. पण चादर भरते ती पाण्यात उरलेल्या प्रमाणाशी तोल साधून. लँगम्युअरच्या सूत्रात (पाण्यात किती उरलं आणि चादरीने किती धरलं यांचं नातं सांगणाऱ्या) स्थिरांक लिटर प्रति मिलिग्रॅम ०.०५ धरला, तर १० मायक्रोग्रॅमच्या पाण्याशी तोल साधताना ती चादर ग्रॅमला फक्त ०.०५ मिलिग्रॅम धरते. चादर पाण्यात टाकून ढवळली, तर एका ग्रॅममध्ये सव्वा लिटर. कुठे २५०० आणि कुठे सव्वा!

म्हणून कमाल क्षमतेच्या आकड्यापेक्षा अगदी विरळ पाण्यात चादरीची ओढ किती, हे बघा. आणि खऱ्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम शिशाच्या कैक पट असतात, तेही त्याच जागांसाठी भांडतात.

साधा_वाचक

सव्वा लिटर वाचून दोनदा गणित करून पाहिलं. बरोबर आहे. हे कुठेच कुणी सांगत नाही.

कणाद

आर्सेनिकबद्दल भर घालतो. पाण्यात ते दोन रूपांत असतं. पाच संयुजेचं आर्सेनिक ऋणभारित असतं, तंतूंत लोहाचे ऑक्साइड भरले की ते त्यांना चिकटतं. तीन संयुजेचं मात्र साध्या पाण्यात भाररहित असतं आणि सहज निसटतं. ज्या भूजलात ऑक्सिजन नसतो, तिथे बहुधा हेच दुसरं रूप जास्त. त्याचं आधी ऑक्सिडीकरण केल्याशिवाय उत्तम चादरही अपुरी पडते. फॉस्फेट आणि सिलिकेट हे आर्सेनिकचे स्पर्धक, त्यांचंही माप घ्यायला हवं.

पहिलं_वर्ष

मला खूप उत्साह आलाय. जुन्या टीव्हीतला उच्च दाबाचा ट्रान्सफॉर्मर वापरून घरी यंत्र केल्याचे व्हिडिओ पाहिले आहेत. करून बघू का?

तंतुमय

नको. अगदी कळकळीने सांगते, नको. धोका नुसत्या विजेचा नाही. आमचा वीजपुरवठा प्रवाह फार थोडा देतो, जास्त ओढला की आपोआप बंद होतो. घरगुती जुळणीत असं काही संरक्षण नसतं. शिवाय बहुतेक द्रावकांची वाफ पेट घेते, आणि उच्च दाबाची ठिणगी शेजारीच. डायमिथाइलफॉर्मामाइड, म्हणजे डीएमएफ, हा या क्षेत्रातला सगळ्यांत लाडका द्रावक यकृताला आणि प्रजननाला घातक आहे, तो कातडीतूनही शरीरात जातो. युरोपीय संघाने डिसेंबर २०२३ पासून कामाच्या जागी त्याच्या संपर्कावर कडक मर्यादा लागू केली आहे.

तुमच्या महाविद्यालयात धूर खेचणारं कपाट आणि देखरेखीला शिक्षक असतील तर पॉलिव्हिनाइल अल्कोहोल आणि पाणी यांपासून सुरुवात करा. द्रावण फार पातळ झालं तर तंतूंऐवजी मण्यांची माळ मिळेल, कारण पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींत पुरेशा गुंतलेल्या नसतात. थोडं घट्ट करत जा, मणी जातील. हवेतली आर्द्रताही रोज लिहून ठेवा. दमट दिवशी तीच कृती वेगळे तंतू देते, हे कळायला मला सहा महिने लागले.

कालरेषा

इतिहासाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडंसं. घासलेला अंबर जवळ नेला की पाण्याचा थेंब शंकूसारखा ओढला जातो हे विल्यम गिल्बर्टने १६०० च्या सुमारास नोंदवलं होतं. १९०२ मध्ये कूली आणि मॉर्टन यांची पेटंटं झाली, १९३४ मध्ये आंतोन फॉर्महाल्सचं. सोव्हिएत संघात १९३८ मध्ये रोझेनब्लूम आणि पेत्र्यानोव्ह-सोकोलोव्ह यांनी असे तंतू हवा गाळायला वापरले आणि पुढच्याच वर्षी गॅस मास्कमधल्या गाळण्यांसाठी त्वेर इथे कारखाना उभा राहिला. शंकूचं गणित जेफ्री टेलरने १९६४ मध्ये मांडलं, त्याचा अर्धकोन ४९.३ अंश. १९९० च्या दशकात अ‍ॅक्रन विद्यापीठात रेनेकर यांच्या गटाने या तंत्राला पुन्हा उजेडात आणलं.

मला पडलेला प्रश्न असा की हवेसाठी १९३९ मध्ये कारखाना निघाला, मग पाण्यासाठी इतका वेळ का लागतोय?

कणाद

सुंदर प्रश्न. हवेतले रेणू एकमेकांवर आदळण्याआधी सुमारे ६६ नॅनोमीटर प्रवास करतात. तंतू साधारण तेवढाच बारीक झाला की हवा त्याला पूर्ण चिकटून वाहत नाही, घसरून जाते, अडथळा कमी होतो. पाण्यात ही सवलत नाही, उलट पाणी हवेच्या पन्नास-पंचावन्न पट चिकट. दुसरं म्हणजे हवेत बारीक कण सतत इकडेतिकडे हलत राहतात, त्यामुळे भोकापेक्षा कितीतरी लहान असूनही तंतूला येऊन धडकतात. पाण्यात ही हालचाल फार मंदावते. त्यात पाण्यात जिवाणू वाढतात, आणि हवेची गाळणी कुणी पिण्याच्या कसोटीवर तपासत नाही.

तंतुमय

यात उत्पादनाचा मुद्दा घालते. एका सुईतून तासाला १ मिलिलिटर द्रावण जातं, त्यात पॉलिमर १० टक्के, म्हणजे ताशी ०.१ ग्रॅम. चौरस मीटरला १० ग्रॅमची चादर हवी असेल तर एका सुईला १०० तास! सुया वाढवल्या तर त्यांची विद्युतक्षेत्रं एकमेकांना ढकलतात आणि सुया तुंबतात. चेक प्रजासत्ताकातल्या लिबेरेत्स इथे सुईच काढून टाकण्याची युक्ती निघाली: द्रावणात फिरणारा रूळ, त्याच्या पृष्ठभागावरून एकाच वेळी असंख्य धारा सुटतात. एल्मार्को कंपनीची नॅनोस्पायडर यंत्रं याच कल्पनेची. त्यामुळे चौरस मीटरचा प्रश्न बराचसा सुटलाय. द्रावकाचा नाही. १० टक्क्यांचं द्रावण म्हणजे १ ग्रॅम तंतूमागे ९ ग्रॅम द्रावक हवेत. तो पकडून परत वापरला नाही तर आपण पाणी स्वच्छ करताना हवा घाण करतोय.

निळाई

रंगांच्या सांडपाण्याबद्दल एक अनुभव. टायटॅनियम डायऑक्साइड भरलेल्या तंतूंवर आम्ही मिथिलीन ब्लू टाकलं, उन्हात ठेवलं, निळा रंग गेला, सगळे खूश. नंतर पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन मोजला तर तो फारसा कमी झालेला नव्हता. रेणूचा रंग देणारा भाग तुटला होता, बाकीचे तुकडे तिथेच. रंग गेला म्हणजे प्रदूषण गेलं असं समजू नये.

शिवाय हे ऑक्साइड ३८७ नॅनोमीटरच्या आतल्या अतिनील किरणांवरच काम करतं आणि सूर्यप्रकाशात अतिनील भाग ५ टक्क्यांच्या आसपास. गढूळ पाण्यात तोही आत पोचत नाही. आणि जे प्रदूषक खातं ते तंतूचं पॉलिमरही खातं. आमची चादर काही आठवड्यांत पिवळी पडून ठिसूळ झाली. फ्लोरिनयुक्त पॉलिमर जास्त टिकतात, पण त्यांच्या विल्हेवाटीचा प्रश्न वेगळाच.

ओलावा

विल्हेवाटीवरूनच विचारते. चादरीने शिसं धरलं. मग ते शिसं कुठे जातं? आणि ते बारीक तंतू तुटून पिण्याच्या पाण्यात येत नाहीत कशावरून? प्लास्टिकचे सूक्ष्म कण काढायला निघालोय आणि त्याहून सूक्ष्म आपणच घालतोय, असं तर होत नाही ना?

रेणुका_रसायन

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देते. शिसं कुठेही जात नाही. आम्ल किंवा ईडीटीएने (धातूचे आयन पकडून ठेवणाऱ्या रसायनाने) चादर धुतली की ते थोड्याशा पाण्यात एकवटतं, चादर पुन्हा वापरता येते. पण ते थोडंसं पाणी आता विषारी कचरा आहे. त्याचा बंदोबस्त नसेल तर सगळ्या खटाटोपाने विष फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी नेलं. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक शोधनिबंधात मी आधी हेच पान शोधते आणि बहुतेक वेळा ते नसतं.

तंतुमय

दुसरा प्रश्न माझा. ओलावाताई, तो मला गेले दोन महिने झोपू देत नाहीये, कारण आमच्या गटात हे कुणी मोजलेलंच नव्हतं. चांदीचे कण घातलेल्या चादरींतून चांदी किती सुटते हे आम्ही मोजायचो, तंतू किती सुटतात हे नाही.

आता असं ठरवलंय: द्रावणातच थोडा चमकणारा रंग मिसळून तंतू काढायचे, म्हणजे तुटलेला तुकडा ओळखू येईल. चादरीच्या दोन जोड्या, प्रत्येक जोडीत एक नुसती आणि एक तापवून सांधलेली. अतिशुद्ध पाणी ७२ तास वाहू द्यायचं, मध्ये दर सहा तासांनी उलट धुवायचं. पलीकडून आलेलं सगळं पाणी २० नॅनोमीटर भोकांच्या अ‍ॅल्युमिनाच्या चकतीवर गाळायचं आणि चकती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. पहिली जोडी काल लावली. नुसत्या चादरीच्या बाजूची पहिल्या सहा तासांची चकती वाळतेय, सोमवारी सूक्ष्मदर्शकाची वेळ मिळाली आहे.

जुना_पंपवाला

पंप चालू-बंद करतानाचा धक्का वेगळा मोजा. सलग वाहत्या पाण्यात गाळणी टिकते, तुटते ती त्या धक्क्याला.

तंतुमय

हे सुचलं नव्हतं, काका. तिसरी जोडी त्यासाठीच लावते, तासाला दहा वेळा चालू-बंद. सोमवारी चकतीवर जे दिसेल ते इथेच टाकते.